मोळी बांधणारें प्रथिन

लंडनमधील केरी स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर अठराव्या शतकाच्या अखेरीस गोरगरिबांसाठीं चालविलेला एक दवाखाना होता. तेथें डॉक्टर रॉबर्ट विलन हे १७८३ पासून रोगी तपाशीत असत. त्या काळीं त्वचेच्या रोगांचा सारा कारभार अंदाधुंदीचा होता. एकाच रोगाला चार वैद्य चार नांवें देत, आणि चार निरनिराळ्या रोगांना एकच नांव चालून जाई. विलन यांनीं ही अव्यवस्था मोडण्याचें मनावर घेतलें. पुरळ, फोड, पुटकुळ्या, खवले असें डोळ्यांना जें दिसेल तेंच प्रमाण मानून त्यांनीं रोगांचे वर्ग पाडले. भागाभागानें निघत असलेला त्यांचा सचित्र ग्रंथ १८०८ मध्यें एकत्र प्रसिद्ध झाला. खवल्यांच्या वर्गांत त्यांनीं जे रोग घातले, त्यांपैकीं एकाचें नांव इक्थिओसिस. ग्रीक भाषेंतील मासा या अर्थाच्या शब्दावरून तें आलेलें आहे. मराठींत त्याला मत्स्यचर्म म्हणतां येईल. विलन यांनीं रोग ओळखला, त्याला जागा नेमून दिली. परंतु तो कां होतो या प्रश्नाचें उत्तर मिळावयास २००६ साल उजाडावें लागलें. त्या जवळजवळ दोनशें वर्षांची ही हकीकत आहे.

मत्स्यचर्माचा जो सर्वसाधारण प्रकार, तो भयंकर नव्हे. नडग्यांवर आणि दंडांवर कोंड्यासारखे पापुद्रे धरतात, कातडी खरखरीत लागते, थंडी पडली कीं त्रास वाढतो आणि दमट उन्हाळ्यांत तो पुष्कळसा निवतो. तळहातावरील रेषा मोजतां येणार नाहींत इतक्या दाट होतात. तळहात पाहून भविष्य सांगणारे जगांत थोडे नाहींत. पण या रेषांवरून त्वचेंतील एका पदार्थाची उणीव वाचतां येते, हें त्यांपैकीं कोणालाहि सुचलें नव्हतें. १९६५-६६ च्या सुमारास इंग्लंडमध्यें वेल्स आणि केर या दोघांनीं मत्स्यचर्माचे आनुवंशिक प्रकार वेगळे करून दाखविले, आणि सर्वसाधारण प्रकार सुमारें अडीचशें माणसांत एकाला असतो असें त्यांना आढळलें. म्हणजे रोग दुर्मिळ नव्हे. तो सौम्य असतो म्हणून दवाखान्यापर्यंत जात नाहीं, एवढेंच.

परंतु या घराण्यांत आणखी दोन दुखणीं वारंवार वस्तीला येतात. एक इसब, दुसरा दमा. इसबाच्या दुखण्याला सौम्य म्हणण्याची छाती ज्याच्या घरीं तें आलें आहे त्याला व्हावयाची नाहीं. तान्हें मूल रात्रभर गाल आणि कोपर-गुडघ्यांच्या खांचा खाजवून रक्त काढतें; आई त्याचे हात धरून बसते; आणि सकाळीं शेजारणी येऊन, गरोदरपणीं तिनें काय खाल्लें होतें, याची चौकशी करतात. पॅरिसचे डॉक्टर बेस्निये यांनीं १८९२ मध्येंच नमूद करून ठेवलें होतें कीं, अशी खाज, दमा आणि गवताच्या परागांनीं येणारी सर्दी हीं दुखणीं एकाच कुटुंबांत एकत्र नांदतात. १९२३ मध्यें अमेरिकेंतील कोका आणि कुक यांनीं या गटाला एक नवें नांव दिलें: ॲटॉपी. तो शब्द त्यांना कोलंबिया विद्यापीठांतील ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकांनीं सुचविला होता, आणि त्याचा अर्थ 'विचित्र, जागेवर नसलेलें' असा कांहींसा आहे. ज्याचें कारण कळत नाहीं त्याला ग्रीक नांव द्यावें, ही वैद्यकाची जुनीच रीत.

पुढें १९६६-६७ च्या सुमारास रक्तांत आय्‌जीई नांवाचा एक प्रतिपिंड सांपडला. ज्यांना दमा किंवा इसब असतो, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या रक्तांत तो फार वाढलेला असतो. झालें, सर्व संशोधकांची दृष्टि रक्ताकडे वळली. शरीराचें संरक्षक दळ विनाकारण चवताळतें, तें त्वचेवर उतरतें म्हणून इसब, आणि त्यामुळें त्वचा फुटते, असा सिद्धान्त रूढ झाला. 'रक्त बिघडलें' असें आपल्याकडील वडीलधारी माणसें म्हणतात. पाश्चात्य पंडितांचें म्हणणें मोठमोठ्या शब्दांत पण अखेर त्याच वळणावर गेलें होतें. त्वचा बिचारी यांत केवळ मार खाणारी. तिचा स्वतःचा कांहीं अपराध असेल, अशी शंका फार थोड्यांना आली.

ती शंका ज्यांना आली त्यांचें काम समजण्यासाठीं त्वचेची घडण थोडी पाहिली पाहिजे. माणसाची बाह्यत्वचा म्हणजे नित्य शाकारलें जाणारें छप्पर आहे. फरक इतकाच कीं, छपरावर नवें गवत वरून घालतात आणि त्वचेचें नवें गवत खालून येतें. अगदीं तळच्या थरांत पेशी जन्म घेतात, हळूहळू वर ढकलल्या जातात, आणि सुमारें महिनाभरानें पृष्ठभागावर येऊन झडून जातात. या प्रवासांत प्रत्येक पेशी जिवंतपणीं एक काम करते आणि मेल्यावर दुसरें. जिवंत असतांना ती आपल्या पोटांत केराटिनचे तंतु सांठविते. केराटिन म्हणजे केंस, नख, शिंग आणि लोंकर ज्याचीं बनलेलीं असतात तें प्रथिन. मेल्यावर ती चपटी होते आणि हजारों चपट्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर बसून पाणी आंत राखणारा व परका पदार्थ बाहेर ठेवणारा थर तयार होतो. या दोन अवस्थांच्या सीमेवर, म्हणजे पेशी मरण्याच्या किंचित् आधीं, तिच्यांत गडद रंग घेणारे बारीक कण दिसूं लागतात. सूक्ष्मदर्शकाखालीं हे कण जर्मन शास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकांतच पाहिले होते. ते कशासाठीं आहेत हें मात्र त्यांना सांगतां आलें नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत किरणोत्सर्गी हिस्टिडीन प्राण्यांना टोंचून पाहिलें, तेव्हां तें नेमकें या कणांच्या थरांत गोळा झालें. हिस्टिडीन हें प्रथिनें ज्यांचीं बनतात त्या ॲमिनो आम्लांपैकीं एक. तेव्हां कणांत हिस्टिडीनानें भरलेलें एखादें प्रथिन असावें, एवढा माग लागला.

इकडे तंतूंचाहि शोध निराळ्या वाटेनें चालला होता. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें हॉवर्ड होल्टझर आणि त्यांचे सहकारी कोंबडीच्या गर्भांतील पेशी वाढवून विद्युत्सूक्ष्मदर्शकाखालीं पहात असत. स्नायूंत दोन प्रकारचे तंतु असतात, एक बारीक आणि एक जाड. त्यांना या दोहोंखेरीज तिसरे तंतु दिसले. जाडी एका मिलिमीटरचा सुमारें एक लक्षांश, म्हणजे दोहोंच्या मधली. १९६८ मध्यें त्यांनीं त्यांना 'मध्यम तंतु' असें साधें नांव दिलें. पुढें ध्यानांत आलें कीं केराटिनचे तंतु याच कुळांतले, आणि शरीरांतील बहुतेक पेशींत या कुळांतला एखादा तरी सभासद असतो. पेशीच्या घराचे हे वासे होत.

वासे असले म्हणजे घर उभें रहात नाहीं. ते बांधावे लागतात. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत बेव्हर्ली डेल या विदुषी त्वचेच्या वरच्या निर्जीव थरांतून प्रथिनें वेगळीं करीत होत्या. १९७७ मध्यें त्यांनीं हिस्टिडीनानें समृद्ध असें एक प्रथिन शुद्ध स्वरूपांत मिळविल्याचें प्रसिद्ध केलें. त्याच वेळीं बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत पीटर स्टाइनर्ट हे केराटिनच्या तंतूंचा अभ्यास करीत होते. त्यांचें शिक्षण ऑस्ट्रेलियांत, म्हणजे लोंकरीच्या देशांत झालेलें. दोघांनीं आपापलें साहित्य एकत्र आणलें. सुटे केराटिन तंतु द्रवांत तरंगत असतांना त्यांत डेल यांचें प्रथिन मिसळलें, आणि पाहतां पाहतां तंतु एकमेकांशेजारीं समांतर येऊन त्यांच्या जाड मोळ्या बांधल्या गेल्या. रानांत तोडून टाकलेल्या काटक्या एका वेलानें आवळाव्या, तसा हा प्रकार. आणि गंमत अशी कीं, हें प्रथिन नेमकें मध्यम तंतूंच्याच मोळ्या बांधतें. १९८१ मध्यें हें काम प्रसिद्ध झालें आणि 'तंतूंना एकत्र करणारें' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून प्रथिनाला फिलॅग्रिन हें नांव मिळालें.

चारच वर्षांनीं, १९८५ मध्यें, डेल यांनीं व्हर्जिनिया सायबर्ट आणि करेन होल्ब्रुक यांच्यासह मत्स्यचर्माच्या रोग्यांच्या त्वचेचे तुकडे तपासले. त्यांत ते गडद कण नव्हते किंवा अगदीं थोडे होते; आणि फिलॅग्रिन तयार होण्यांतच व्यत्यय आलेला होता. विलन यांनीं ज्याचें चित्र काढून ठेवलें, त्या रोगाचा अपराधी एवढ्यानें पकडल्यासारखाच झाला. पण न्यायालयांत संशय पुरत नाहीं, तसा शास्त्रांतहि पुरत नाहीं. पदार्थ नाहीं म्हणून रोग झाला, कीं रोग झाला म्हणून पदार्थ नाहीं, हें ठरावयाचें राहिलें. त्याचा पुरावा जनुकांतच मिळावयाचा होता.

दरम्यान या प्रथिनाचें दुसरें, आणि अधिक विलक्षण, काम उघडकीस आलें. इंग्लंडमधील युनिलिव्हर कंपनीच्या कोलवर्थ येथील प्रयोगशाळेंत इयन स्कॉट आणि क्लाइव्ह हार्डिंग यांना असें दिसलें कीं, मोळ्या बांधून झाल्यावर फिलॅग्रिन टिकत नाहीं. त्वचेच्या वरच्या थरांत पोंचतांच तें मोडतें आणि त्याचीं सुटीं ॲमिनो आम्लें होतात. हीं आम्लें व त्यांपासून झालेले पदार्थ पाणी धरून ठेवतात. त्वचेला मऊपणा व किंचित् आम्लता येण्याचें एक मोठें कारण तेंच. त्यांनीं उंदराच्या नवजात पिलांवर केलेला प्रयोग १९८६ मध्यें प्रसिद्ध झाला. गर्भांत असतांना पिलाच्या त्वचेंत फिलॅग्रिन सांठतें, पण मोडत नाहीं. पिलूं जन्मून कोरड्या हवेंत येतांच तें मोडूं लागतें. आणि जन्मल्यावर पिलाला पाण्याच्या वाफेनें पूर्ण भरलेल्या हवेंत ठेविलें, तर मोडणें थांबतें. म्हणजे त्वचेला बाहेरच्या कोरडेपणाची खबर लागते, आणि त्या मानानें ती आपल्या कोठारांतून पाणी धरणारा पदार्थ काढते. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होऊं लागते आणि अभ्यंगाचें तेल त्याच वेळीं निघतें. त्वचेनें मात्र हा विधि आपल्यापुरता गर्भाबाहेर पडल्या दिवसापासून चालविलेला असतो.

आतां जनुकाकडे वळावयास हरकत नाहीं. माणसाच्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. स्टाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८९ मध्यें फिलॅग्रिनचें जनुक पहिल्या गुणसूत्रावर असल्याचें दाखविलें. त्याच भागांत त्वचेच्या वरच्या थरास लागणाऱ्या इतर अनेक प्रथिनांचीं जनुकें दाटीवाटीनें बसलेलीं आहेत, जणूं एखादी कासारआळी किंवा तांबटआळीच. पुढच्या दोन-तीन वर्षांत जनुकाची रचनाहि कळली. पेशी प्रथम एक प्रचंड प्रथिन बनविते. त्यांत फिलॅग्रिनचा तोच तो तुकडा दहा, अकरा किंवा बारा वेळां लागोपाठ येतो. प्रत्येक तुकडा ३२४ ॲमिनो आम्लांचा. गडद कणांत सांठतें तें हें लांबलचक प्रथिन. वेळ आली कीं तें कापलें जातें आणि सुटें फिलॅग्रिन मिळतें. कोणाकडे दहा तुकडे आणि कोणाकडे बारा, हा भेद माणसामाणसांत जन्मतःच असतो.

इतकें कळल्यावर रोग्याचें जनुक वाचून त्यांतील दोष दाखविणें एक-दोन वर्षांचें काम, असें कोणालाहि वाटेल. त्याला सोळा वर्षें लागलीं. अडचण कोणा माणसाची नव्हती, जनुकाचीच होती. जनुक वाचण्याच्या पद्धतींत त्याचे लहान लहान तुकडे करून ते वाचतात आणि मग जुळवितात. येथें मुख्य भाग बारा हजारांहून अधिक अक्षरांचा, आणि त्यांत तोच मजकूर दहा-बारा वेळां जवळजवळ अक्षरशः सारखा. एकाच आरतीचें ध्रुपद बारा पानांवर लिहिलेलें असावें, पानांवर आंकडे नसावे, आणि पोथी सुटून सारीं पानें जमिनीवर पसरावीं. मग एका पानावर एक काना चुकला आहे तो कोणत्या पानावरचा, हें ठरविण्याची वेळ यावी, तशी संशोधकांची गत झाली. पुष्कळांनीं हात टेकले. २००२ च्या सुमारास कांहीं कुटुंबांचा अभ्यास करून अमेरिकेंतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, ज्यांच्या त्वचेंत कणांचा थर नसतो त्यांचा दोष पहिल्या गुणसूत्रावरील त्याच आळींत असला पाहिजे. त्याआधीं एक वर्ष, २००१ मध्यें, इंग्लंडमध्यें विल्यम कुक्सन यांच्या गटाला लहान मुलांच्या इसबाचा धागाहि त्याच भागाकडे जात असल्याचें आढळलें होतें. दोन निरनिराळ्या रोगांच्या पाऊलखुणा एकाच दाराशीं येऊन थांबल्या होत्या. स्टाइनर्ट २००३ मध्यें वारले. दार उघडलेलें त्यांना पहावयास मिळालें नाहीं.

तें उघडलें स्कॉटलंडमधील डंडी या गांवीं. तेथील विद्यापीठांत अर्विन मॅक्लीन हे उत्तर आयर्लंडचे गृहस्थ केराटिनच्या जनुकांतील दोषांवर आधींपासून काम करीत होते. फ्रान्सिस स्मिथ या त्यांच्या सहकारी. त्वचारोग्यांचा पुरवठा करणारे एक सहकारी डब्लिनचे ॲलन अर्व्हाइन. या मंडळींनीं पुनरावृत्तीच्या जंगलांत शिरण्यापूर्वीं जनुकाच्या आरंभीचा भाग चिकाटीनें वाचला, आणि सारें तेथेंच सांपडलें. आयर्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेंतील मत्स्यचर्माच्या कुटुंबांत दोन बिघाड पुनःपुन्हां दिसूं लागले. एकांत ५०१ व्या जागीं ॲमिनो आम्लाच्या अक्षरांऐवजीं 'येथें थांब' अशी खूण आलेली. दुसऱ्यांत २२८२ व्या अक्षरापासून चार अक्षरें गळालेलीं, त्यामुळें पुढचा सर्व मजकूर घसरून निरर्थक झालेला. दोहोंचा परिणाम एकच. प्रथिन पहिल्या तुकड्यांतच तुटतें आणि फिलॅग्रिन बनतच नाहीं.

आई-बापांकडून मिळून या जनुकाच्या दोन प्रती येतात. दोन्ही प्रती बिघडल्या तर मत्स्यचर्म ठळक दिसतें. एकच बिघडली तर कातडी किंचित् कोरडी राहते, आणि पुष्कळदां कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. या मधल्या अवस्थेमुळेंच जुन्या वंशावळींचा हिशेब नीट लागत नव्हता. मार्च २००६ मध्यें 'नेचर जेनेटिक्स' या मासिकांत हा निबंध छापला गेला. पुढच्याच महिन्यांत त्याच मासिकांत त्याच गटाचा दुसरा निबंध आला, आणि खरी खळबळ त्यानें उडाली. युरोपीय वंशाच्या सुमारें ९ टक्के लोकांजवळ या दोहोंपैकीं एक तरी बिघाड असतो. आणि आयर्लंडमधील इसबाच्या मुलांत, डेन्मार्कमधील दमेकरी मातांच्या मुलांत व स्कॉटलंडमधील दमेकरी मुलांत त्याचें प्रमाण पाहिलें तेव्हां, इसबाशीं त्याचें नातें फारच घट्ट असल्याचें दिसलें. दम्याशींहि नातें होतें, पण ज्यांना आधीं इसब होता त्यांच्यापुरतेंच. फिलॅग्रिन फुप्फुसाच्या आंतील अस्तरांत नसतें. मग त्याच्या अभावानें दमा कां व्हावा?

या एका प्रश्नानें चाळीस वर्षांचें मत उलटें झालें. घरांत परके शिरले म्हणजे पहारेकरी ओरडणार, धांवाधांव करणार, आणि अंधारांत घरच्यांनाहि चार तडाखे बसणार. आजवर सर्वजण पहारेकऱ्यांच्या स्वभावाची चिकित्सा करीत होते. भिंतीला भगदाड आहे, आणि तें जन्मापासून आहे, हें आतां दिसलें. कोरड्या, सच्छिद्र त्वचेंतून धूळ, कीटकांचे अंश, अन्नाचे कण आंत जातात. संरक्षक दळ त्यांना शत्रु म्हणून ओळखूं लागतें. आणि तेच कण पुढें श्वासांतून किंवा जेवणांतून आले कीं दमा किंवा अन्नाचें वावडें उद्भवतें. प्रथम इसब, मागून दमा, हा मुलांत दिसणारा क्रम यामुळें समजण्याजोगा झाला. शेजारणींच्या चौकशींतल्या आईची त्या आरोपांतून कांहीं अंशीं तरी सुटका झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

याचा पडताळा उंदरांवर पाहिला गेला. प्रयोगशाळांत शेपटीवर खवले धरणारी उंदरांची एक जात पूर्वींपासून होती. तिच्या फिलॅग्रिनच्या जनुकांत एक अक्षर गळालें आहे, असें २००९ मध्यें डब्लिन-डंडीच्या गटानें दाखविलें. आणि अशा उंदराच्या त्वचेवर अंड्यांतील प्रथिन नुसतें लावलें तरी त्याच्या शरीरांत वावडें निर्माण होतें, हेंहि दाखविलें. परंतु या जातींत आणखी एक दोष होता. केंस गुंतविणारा म्हणून तो ओळखला जाई. २०१३ मध्यें उघड झालें कीं, उंदरांच्या त्वचेला येणारी सूज मुख्यतः त्या दुसऱ्या जनुकामुळें येत होती. सोयीच्या उदाहरणावर फार भार टाकूं नये, हें येथें शिकावयास मिळालें. मात्र माणसांतील पुरावा त्यानें ढळला नाहीं. २०११ मध्यें फिलॅग्रिनच्या बिघाडाचा भुईमुगाच्या वावड्याशीं संबंध दिसून आला. आणि २०१५ मध्यें लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या गटानें, तीव्र इसब किंवा अंड्याचें वावडें असलेल्या ६४० बालकांवर केलेल्या प्रयोगांत, भुईमूग लवकर तोंडावाटे खावयास दिल्यास त्याचें वावडें पुष्कळ कमी होतें, असें सिद्ध केलें. तोंडानें आलेला पदार्थ पाहुणा ठरतो आणि फुटक्या त्वचेंतून आलेला चोर, या कल्पनेला त्यामुळें मोठें बळ आलें.

२००६ च्या निबंधांनीं सर्व कांहीं उलगडलें, असें समजणें मात्र चुकीचें होईल. बिघडलेलें जनुक असूनहि ज्यांना कधींच इसब झाला नाहीं असे लोक पुष्कळ आहेत, आणि जनुक निर्दोष असूनहि इसबानें गांजलेले त्याहून पुष्कळ. शिवाय तीं दोन युरोपीय उत्परिवर्तनें सर्व मानवजातीचीं नव्हत. जपानमध्यें होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००७ मध्यें शोध घेतला तेव्हां त्यांना निराळेच बिघाड सांपडले. सिंगापूरमधील चिनी लोकांत पुनः वेगळे, आणि संख्येनें अधिक. एकाच भिंतीला निरनिराळ्या वंशांत निरनिराळ्या जागीं भगदाडें पडलेलीं आहेत. म्हणून एका देशांतली यादी दुसऱ्या देशांतल्या रोग्याला लावून उपयोग होत नाहीं. आफ्रिकी वंशाच्या रोग्यांत तर हे युरोपीय बिघाड क्वचितच आढळतात, आणि तरीहि इसब त्यांना सोडीत नाहीं.

पहारेकऱ्यांनाहि अगदींच निर्दोष म्हणून सोडतां आलें नाहीं. २००७ मध्यें अमेरिकेंत असें आढळलें कीं, इसबाच्या सुजेंत जे रासायनिक संदेश सुटतात, ते त्वचेच्या पेशींना फिलॅग्रिन कमी बनवावयास लावतात, मग जनुक चांगलें कां असेना. म्हणजे भगदाडामुळें दंगा होतो आणि दंग्यामुळें भिंत आणखी ढांसळते. जुने पंडित सर्वस्वीं चुकले नव्हते. त्यांनीं वर्तुळाचा एक अर्धा भागच पाहिला होता. तेच संदेश अडविणारें डुपिलुमॅब नांवाचें औषध २०१७ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें आणि तीव्र इसबाच्या असंख्य रोग्यांना त्यानें झोंप परत दिली. पण तें टोंचून घ्यावें लागतें, आणि महाग आहे.

सर्वांत मोठी आशा मात्र स्वस्त उपायावर होती. भिंतीला भगदाड आहे तर तें जन्मतःच लिंपून कां टाकूं नये? ज्यांच्या घराण्यांत इसब आहे अशा अर्भकांच्या अंगाला पहिल्या दिवसांपासून साधें मऊ मलम चोळलें तर रोग उद्भवणारच नाहीं, असें वाटणें स्वाभाविक होतें. २०१४ मध्यें दोन लहान प्रयोग प्रसिद्ध झाले, एक इंग्लंड-अमेरिकेंतला १२४ बालकांचा, दुसरा जपानमधला ११८ बालकांचा. दोहोंत इसबाचें प्रमाण लक्षांत येण्याइतकें घटलेलें दिसलें. मग मोठे प्रयोग हातीं घेतले गेले. ब्रिटनमध्यें १३९४ नवजात बालकें, नॉर्वे व स्वीडनमध्यें २३९७. २०२० मध्यें दोहोंचे निकाल 'लॅन्सेट' या वैद्यक-साप्ताहिकांत आले. ब्रिटनच्या प्रयोगांत वर्षभर रोज मलम चोळलेल्या मुलांपैकीं दुसऱ्या वर्षीं २३ टक्क्यांना इसब होता. न चोळलेल्यांपैकीं २५ टक्क्यांना. हा फरक फरक म्हणण्यासारखा नव्हता. उलट मलमवाल्या मुलांत त्वचेचे जंतुविकार थोडे अधिकच आढळले. उत्तरेकडील दोन देशांतहि इसब टळला नाहीं.

कारण शोधूं गेल्यास तें डेल आणि स्टाइनर्ट यांच्या जुन्या निबंधांतच आहे असें म्हणतां येईल. फिलॅग्रिन पेशीच्या पोटांत, ती मरण्याच्या आधींच्या घटकेला बनतें, आंतल्या आंत वाशांच्या मोळ्या बांधतें, आणि मग मोडून पाणी धरतें. वरून लावलेलें मलम छपराला तेलपाणी करतें. मोळ्या बांधीत नाहीं. ज्याला इसब झालाच आहे, त्याला मलमानें आराम पडतो, आणि डॉक्टर तें आजहि पहिल्यांदा सांगतात. तें प्रथिन पेशीच्या आंत भरून देणारें औषध बाजारांत आलेलें नाहीं. विलन यांच्या वर्गवारींतल्या मत्स्यचर्माचा रोगी दररोज स्नानानंतर अंग टिपून, ओल आहे तोंच, नडग्यांना मलम लावतो.